रुग्णाच्या रक्तातील औषध

जबलपूरच्या स्थानकावर मुंबईकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत उभ्या असलेल्या मंडळींत एक प्रवासी आम्हांस न सांगता ओळखू येतो. त्याच्या काखेत क्ष-किरण छायाचित्रांचे लांबट पाकीट असते, आणि हातातील पिशवीत, कपड्यांच्या घड्यांमध्ये जपून ठेवलेली, एक लहानशी डबी असते. त्या डबीत काचेच्या चारदोन पट्ट्या व मेणाचे एकदोन ठोकळे असतात. त्या मेणात त्याच्या घरातील कोणाच्या तरी शरीराचा तिळाएवढा तुकडा बंदिस्त असतो. हा प्रवासी परळला, टाटा रुग्णालयात निघालेला असतो. सुमारे एक हजार किलोमीटरांचा प्रवास, रजेचा अर्ज, मुंबईत कोणा नातलगाकडे उतरण्याची सोय आणि परत आल्यावर बिलांच्या परतफेडीचे कागद, हे सारे आम्हां नोकरदारांच्या चांगल्या परिचयाचे आहे. त्या डबीतील तुकड्याचा व्यापक अर्थ काय, हे मात्र आमच्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असते.

ज्या लोहमार्गावरून हा प्रवास घडतो तो १८७० साली मुंबईहून येऊन याच जबलपुरात कलकत्त्याकडील मार्गास मिळाला. पुढे १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली, नागपूरचे उच्च न्यायालय येथे आले, आणि त्याच्या मागोमाग कितीतरी मराठी कुटुंबे नर्मदाकाठी स्थिरावली. अशा परप्रांतस्थ मराठी माणसास आपल्या मुलखाचा इतिहास म्हटला की गड, तह आणि मोहिमा आठवतात. परळच्या एका प्रयोगशाळेचा इतिहास त्याला क्वचितच कोणी सांगितला असेल. तो सांगण्याचे आम्ही आज योजिले आहे. कर्करोगाशी झुंजणारे द्रव्य रुग्णाच्याच प्रतिकारपेशींतून प्रयोगशाळेत शोधून काढावयाचे, असे एक नवे शास्त्र अलीकडे उदयास आले आहे. ते ज्या विद्येवर उभे आहे, ती जिवंत पेशी शरीराबाहेर सांभाळण्याची विद्या आपल्याकडे रुजविण्याचे कार्य याच प्रयोगशाळेत झाले. आणि त्या कार्यात पुण्याच्या एका मराठी विदुषीचा वाटा मोठा होता.

प्रथम मूळ कल्पना पाहू. देवी येऊन गेलेल्या माणसास पुन्हा देवी येत नाहीत, हे आमच्या आजीपणजींनाही ठाऊक होते. का येत नाहीत, याचा उलगडा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस होऊ लागला. १८९० साली बर्लिनमध्ये एमिल फॉन बेहरिंग आणि त्यांचे जपानी सहकारी किटासातो यांनी दाखवून दिले की, धनुर्वाताच्या विषास हळूहळू सरावलेल्या प्राण्याच्या रक्तरसात ते विष निष्प्रभ करणारे काही द्रव्य उत्पन्न होते; आणि तो रक्तरस दुसऱ्या प्राण्यास टोचला, तर त्याचेही रक्षण होते. या द्रव्यास आज आपण प्रतिपिंड म्हणतो. रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी ज्यांस 'बी' पेशी म्हणतात त्या ही प्रतिपिंडे घडवितात. प्रत्येक बी पेशीचे प्रतिपिंड निराळे. एकाच कुलुपास लागणाऱ्या किल्लीसारखे ते ठराविक आकारासच जाऊन चिकटते. मुंबईच्या हाफकिन संस्थेत घोड्यांच्या रक्तरसापासून सर्पदंशावरील औषध बनविले जाई, ते याच तत्त्वावर.

मग कर्करोगावरही असा रक्तरस का असू नये? ही शंका त्याच काळी निघाली होती. १८९५ मध्ये फ्रान्समधील एरिकूर व शार्ल रिशे या दोघांनी प्राण्यांना कर्करोगाच्या गाठीचा अर्क टोचून त्यांचा रक्तरस रुग्णांना देऊन पाहिला. थोडी आशा दिसली. परंतु ती टिकली नाही. याचे कारण आज स्पष्ट आहे. पटकी किंवा प्लेग हा बाहेरून चालून आलेला शत्रू असतो. कर्करोगाची पेशी ही घरचीच, पण फितूर झालेली. तिच्या अंगावर तोच पोशाख, तीच ओळखीची खूण. म्हणून शरीराचे पहारेकरी तिला बहुधा अडवीत नाहीत. घोड्याच्या किंवा गाढवाच्या रक्तातून या फितुराची अचूक ओळख मिळावी, अशी अपेक्षा करणे व्यर्थ होते. ती ओळख मिळावयाची तर माणसाच्याच, किंबहुना त्या रोगाशी प्रत्यक्ष झगडलेल्या माणसाच्याच रक्तात मिळावयास हवी होती. परंतु त्या रक्तातील लक्षावधी पेशींतून नेमकी एक पेशी वेचून काढणे आणि तिला शरीराबाहेर जिवंत ठेवणे, ही विद्या त्या वेळी कोणापाशीही नव्हती.

आता परळकडे वळू. लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. पत्नीच्या पाठोपाठ पुढील वर्षी सर दोराबजीही गेले. त्यांच्या विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उघडले. त्याच्या प्रयोगशाळांची सूत्रे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाती आली. लंडनमध्ये विकृतिविज्ञानाची उच्च पदवी संपादन करून आलेले हे गृहस्थ केवळ रुग्णाच्या गाठीचा तुकडा पाहून 'आहे' किंवा 'नाही' असा निवाडा देण्यात समाधान मानणारे नव्हते. हा तुकडा ज्याचा, तो माणूस कोठला, काय खातो, काय नेसतो, तंबाखू कशी ओढतो, याची ते चौकशी करीत. १९४५ साली त्यांनी व डॉ. सूर्याबाई यांनी प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात लोकांच्या चालीरीतींशी निगडित अशा कर्करोगाच्या तीन प्रकारांचे वर्णन आहे. चुट्ट्याचे पेटलेले टोक तोंडात धरून ओढण्याने टाळूस होणारा, खैनी ओठाशी दाबून धरण्याने होणारा, आणि वर्षानुवर्षे कमरेस घट्ट आवळलेल्या धोतराच्या काठाखाली कातडीस होणारा. धोतर नेसणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्यांस ही शेवटची गोष्ट त्या काळी कोणी सांगितली असती, तर त्यांनी ती थट्टेवारी नेली असती. विड्या वळणाऱ्या व ओढणाऱ्या आमच्या या जबलपुरास मात्र पहिल्या दोन गोष्टी थट्टेच्या वाटू नयेत.

मुंबईच्या वैद्यकीय इतिहासात १९५२ हे साल विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे व डॉ. भाटिया यांनी इंग्लंडमधील सहकाऱ्यांसह 'लॅन्सेट' या नियतकालिकात एका नव्या रक्तगटाची वार्ता दिली. जगात तो आजही 'बॉम्बे' याच नावाने ओळखला जातो. या गटाच्या माणसांच्या रक्तरसात एक असे प्रतिपिंड असते की, ए, बी, ओ यांपैकी कोणत्याही नेहमीच्या गटाचे रक्त त्यांना चालत नाही. आपल्याच जातीच्या दुर्मिळ रक्तावाचून त्यांना तरणोपाय नसतो. या शोधाचा कर्करोगाशी थेट संबंध नाही. तथापि त्यावरून एक गोष्ट ध्यानात येते. प्रतिपिंडाची भाषा वाचू शकणारे डोळे मुंबईत त्या वेळी तयार झालेले होते. वाचन येत होते; लेखन यावयाचे होते. म्हणजे हवे ते प्रतिपिंड मुद्दाम घडविणे अद्याप साधलेले नव्हते.

त्याच १९५२ मध्ये रुग्णालयाच्या शेजारी इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर ही संशोधनसंस्था स्थापन झाली, आणि डॉ. खानोलकर तिचे पहिले संचालक झाले. येथे आमच्या कथेत कमल रणदिवे यांचा प्रवेश होतो. त्या मूळच्या कमल समर्थ. जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७ चा. वडील दिनकरराव समर्थ हे फर्गसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापक होते. मुलींच्या शिक्षणाविषयी त्यांची मते उदार होती, आणि मुलीने डॉक्टर व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. हुजूरपागेतून बाहेर पडलेल्या कमलताईंनी मात्र वडिलांच्याच शास्त्राची वाट धरली. पुण्याच्या कृषिमहाविद्यालयात राहून त्यांनी सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास केला आणि १९४३ मध्ये एम.एस्‌सी. ही पदवी मिळविली. गणिताचे जाणकार असलेले ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी १९३९ मध्ये त्यांचा विवाह झालेला होता. संसार मुंबईस आला, आणि टाटा रुग्णालयात डॉ. खानोलकरांच्या हाताखाली त्यांना काम मिळाले. फळझाडाच्या पेशीवरून माणसाच्या पेशीकडे जाणे हे वरवर विलक्षण वाटते. वस्तुतः त्यात मोठे अंतर नव्हते. सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास बसण्याची सवय दोन्हीकडे सारखीच लागते. १९४९ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. उंदरांतील स्तनाच्या कर्करोगाशी आनुवंशिकतेचा व अंतःस्रावांचा संबंध कसा पोहोचतो, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता.

मरून मेणात बसविलेली पेशी पाहून रोगाचे नाव कळते. त्याची चाल कळत नाही. चाल कळावयाची तर पेशी जिवंत पाहिली पाहिजे. यास्तव डॉ. खानोलकरांच्या प्रोत्साहनाने कमलताई शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेस गेल्या व बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतकसंवर्धन शिकल्या. शरीरातून काढलेला पेशींचा समूह काचेच्या नळीत पोषकरसावर वाढविण्याची ही कला. ती बोलावयास सोपी. करावयास अत्यंत कठीण. रस शरीराच्या उष्णतेइतकाच उबदार राहावा लागतो. त्यात क्षार, शर्करा व रक्तरस यांचे प्रमाण नेमके असावे लागते. आणि हवेतील एखादा जंतू आत शिरला तर आठवड्यांचे श्रम एका रात्रीत गढूळ होऊन जातात. डॉ. गाय यांनी या कामी जन्म वेचला होता.

त्यांच्या त्या प्रयोगशाळेची एक कथा सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स नावाची तीस वर्षांची कृष्णवर्णीय स्त्री, पाच मुलांची आई, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने पीडित होऊन जॉन्स हॉपकिन्सच्या रुग्णालयात आली. उपचारांच्या वेळी तिच्या गाठीचा एक तुकडा काढून डॉ. गाय यांच्याकडे पाठविण्यात आला. तिला विचारले गेले नाही. विचारण्याची त्या वेळी रीतही नव्हती. आजवर माणसाच्या शरीरातून काढलेल्या पेशी काही दिवसांत मरून जात. या पेशी मेल्या नाहीत. त्या दुपटीने वाढतच राहिल्या. ४ ऑक्टोबर १९५१ रोजी ती स्त्री वारली. तिच्या पेशी मात्र जगभरच्या प्रयोगशाळांत गेल्या, आणि पोलिओची लस पारखण्यापासून असंख्य कामे त्यांनी केली. नळ्यांवर तिच्या नावाची पहिली अक्षरे जोडून 'हेला' एवढेच लिहिलेले असे. दीर्घ काळ तिचे नावही चुकीचेच सांगितले जात होते. तिच्या मुलांना या गोष्टीचा पत्ता लागावयास वीसहून अधिक वर्षे जावी लागली. तिच्या पेशींच्या व्यापारातून लाभ मिळविणाऱ्या एका कंपनीशी तिच्या वारसांची तडजोड झाली ती २०२३ मध्ये. जी विद्या घेऊन कमलताई मुंबईस परतल्या, तिच्या मुळाशी हे असे एक न फेडलेले ऋण होते. हे सांगण्यात त्या विद्येचा किंवा ती शिकणाऱ्यांचा अधिक्षेप करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु इतिहास लिहावयाचा तर जमेबरोबर नावेही लिहिले पाहिजे.

परतल्यावर कमलताईंनी परळच्या संस्थेत प्रायोगिक जीवशास्त्राची व ऊतकसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. आपल्या देशातील ती अशा प्रकारची पहिली होय. परदेशी रसायने मागवावयाची तर परकीय चलनाची टंचाई आणि बंदरावरील दिरंगाई. सरकारी खात्यात काम केलेल्यास हे निराळे सांगावयास नको. १९६० नंतरच्या वर्षांत कमलताईंनी आपल्या सहकाऱ्यांसह पेशींच्या पोषणाचे रस येथेच तयार केले. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी संस्थेचे संचालकपद सांभाळले, आणि कर्करोगाची उत्पत्ती, पेशीविज्ञान व प्रतिकारशास्त्र यांचे स्वतंत्र विभाग सुरू केले. प्रतिकारशास्त्राच्या विभागाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. कर्करोग आणि शरीराचे पहारेकरी यांचा संबंध ओळखून त्याच्या अभ्यासास येथे जागा करून देण्यात आली, तेव्हा जगातही त्याविषयी पुष्कळ शंका होत्या.

याच प्रयोगशाळेतील आणखी एका कामाचा उल्लेख करावयास हवा. १९५८ मध्ये बापट, रणदिवे व खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या शरीरातून मिळविलेला एक जंतू ऊतकसंवर्धनाच्या साह्याने वाढविल्याचे जाहीर केले. संस्थेच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तो आय.सी.आर.सी. जंतू म्हणून प्रसिद्ध झाला, आणि पुढे डॉ. माधव देव व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यापासून कुष्ठरोगाची लस बनविली. ज्यास समाजाने गावकुसाबाहेर ठेविले, त्याच्याच शरीरातून इतरांच्या रक्षणाचे साधन निघाले. रुग्णाकडून घ्यावयाचे, प्रयोगशाळेत वाढवावयाचे आणि रुग्णास परत द्यावयाचे, हे सूत्र परळने त्या वेळीच गिरविले होते. १९८२ मध्ये शासनाने कमलताईंना पद्मभूषण देऊन गौरविले. निवृत्तीनंतर त्या स्वस्थ बसल्या नाहीत. अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाच्या नोंदी घेत फिरल्या. २००१ मध्ये त्या निवर्तल्या.

दरम्यान जगात लेखनाची विद्या अवगत झाली होती. १९७५ साली केंब्रिज येथे सेझार मिल्स्टाइन व गेऑर्ग कोलर यांनी प्रतिपिंड घडविणारी उंदराची एक पेशी व कर्करोगाची एक पेशी यांचा संयोग घडवून आणला. पहिली पेशी नेमके प्रतिपिंड घडवी, पण अल्पायुषी. दुसरी अमर, पण उपद्रवी. दोहोंच्या संयोगातून जन्मलेली पेशी अमरही झाली व एकच एक प्रतिपिंड हवे तितके पुरवू लागली. कर्करोगाचाच चिवटपणा कर्करोगाविरुद्ध राबविण्याची ही युक्ती होती. तिचे स्वामित्व-हक्क या दोघांनी राखून ठेविले नाहीत. १९८४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९९७ मध्ये बी पेशींच्या कर्करोगावरील रिटुक्सिमॅब व १९९८ मध्ये स्तनाच्या एका प्रकारच्या कर्करोगावरील ट्रास्टुझुमॅब ही प्रतिपिंडरूपी औषधे अमेरिकेत मान्य झाली. आज ती जबलपूरच्या औषधविक्रेत्यांनाही अपरिचित नाहीत. परंतु यांचे मूळ उंदराचे होते. उंदराचे प्रतिपिंड जसेच्या तसे दिले तर माणसाचे शरीर त्यालाच परके समजून त्याच्यावर उठते. म्हणून त्याचा बराच भाग बदलून मानवी करावा लागला.

मग शास्त्रज्ञ त्या जुन्या प्रश्नाकडे परत आले. रोगाशी झगडून काही काळ तरी त्याला थोपवून धरणाऱ्या माणसाच्या रक्तात त्याचे उत्तर नसेल काय? अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात डॉ. एडवर्ड पॅट्झ व त्यांचे सहकारी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांचे रक्त तपाशीत होते. काही रुग्णांचा रोग लहान गाठीपुरताच राहिला होता, पसरला नव्हता. अशा काहींच्या रक्तात त्यांना एक विशेष प्रतिपिंड आढळले. आपल्या रक्तात परक्या पेशींस भोके पाडून मारणारी प्रथिनांची एक यंत्रणा असते. तिने स्वकीयांवर हल्ला करू नये म्हणून 'फॅक्टर एच' नावाचे एक प्रथिन तिला आवर घालते. कर्करोगाची पेशी हेच प्रथिन ढालीसारखे पांघरून घेते. या रुग्णांचे प्रतिपिंड त्या ढालीवरच घाव घालीत होते.

पुढची पायरी परळच्या इतिहासाची आठवण करून देणारी आहे. या संशोधकांनी त्या रुग्णांचे रक्त घेतले. ढालीच्या त्या भागास चिकटणाऱ्या बी पेशी तेवढ्या एकेक करून वेचल्या. एकेका पेशीतून प्रतिपिंडाचा आनुवंशिक आराखडा उतरवून घेतला. आणि तो संवर्धनात वाढणाऱ्या पेशींत घालून तेच मानवी प्रतिपिंड पुष्कळ प्रमाणात घडविले. नळीतील कर्करोगाच्या पेशी त्याने मारल्या, उंदरांतील गाठींची वाढ मंदावली. हा वृत्तान्त २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि नंतर त्या प्रतिपिंडाच्या माणसांवरील चाचण्याही सुरू झाल्या. उंदरातील यश व माणसातील यश यांमध्ये लांबचा घाट आहे. अनेक औषधे त्या घाटातच अडकून पडतात. म्हणून येथे जयजयकार करण्याची घाई आम्ही करणार नाही. तरीही कल्पनेचे नावीन्य मान्य केलेच पाहिजे. हे औषध कोणा रसायनशास्त्रज्ञाने मनाने रचलेले नाही. ते आधी एका रुग्णाच्या शरीराने रचले. शास्त्रज्ञांनी ते वाचले व त्याची नक्कल केली.

आपल्याकडे या विचाराचे सर्वांत जवळचे फळ मुंबईतच हाती आले. १९६६ मध्ये परळचे रुग्णालय व संशोधनसंस्था मिळून टाटा स्मारक केंद्र झाले होते, आणि २००२ मध्ये संशोधनाचा मोठा भाग खारघर येथे गेला. पवईच्या आय.आय.टी.त डॉ. राहुल पुरवार व त्यांचे सहकारी आणि टाटा केंद्राचे डॉ. हसमुख जैन व डॉ. गौरव नरुला यांनी मिळून रक्ताच्या कर्करोगावर 'कार-टी' नावाची उपचारपद्धती विकसित केली. हिच्यात प्रतिपिंड वेगळे टोचत नाहीत. रुग्णाच्या रक्तातून 'टी' नावाच्या लढवय्या पेशी काढून घेतात. रोगट बी पेशी ओळखणारे प्रतिपिंडाचे टोक आपल्या अंगावर उगवावे, असा आराखडा निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या वाहनातून त्या पेशींत पोहोचवितात. प्रयोगशाळेत त्यांची संख्या वाढवितात. आणि त्याच रुग्णाच्या शिरेत त्या परत सोडतात. शिपाई घरचेच, त्यांस शत्रूची ओळख तेवढी नवी दिली जाते. ४ जून २०२१ रोजी खारघरच्या टाटा केंद्रात हा उपचार प्रथम एका रुग्णावर झाला. साठाहून अधिक रुग्णांवरील चाचण्यांत बहुसंख्यांचा रोग मागे हटला. ज्यांच्यावरील इतर सर्व उपाय थकले होते असे ते रुग्ण होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये शासकीय मान्यता मिळाली, आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवई येथे तिचे लोकार्पण झाले. अमेरिकेत ज्यास काही कोटी रुपये पडतात, तो उपचार येथे तीसचाळीस लाखांच्या घरात आला. हा आकडाही आमच्या पगारपत्रकास पेलणारा नाही, हे खरे. परंतु शून्ये कमी होत जाण्याची ही सुरुवात आहे. मेहेरबाई ज्या रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, त्याच कुळातील काही रोगांवर त्यांच्या स्मारकाने दिलेले हे उत्तर आहे.

आता जे सांगावयाचे म्हणून आम्ही लेखणी हाती घेतली, ते सांगून लेख आवरतो.

आम्ही कागदाची माणसे आहोत. आमच्या टेबलावर माणूस येतो तो प्रकरण-क्रमांक होऊन येतो, आणि प्रकरण निकालात निघाले की माणसाचे नाव फाइलीत मिटले जाते. त्यात दुष्टावा नसतो. कामाची ती सोय असते. विकृतिविज्ञानाच्या काचपट्टीवरही असाच एक क्रमांक असतो. बाल्टिमोरच्या त्या नळीवर दोन नावांची आद्याक्षरे होती. तीही सोयच होती. परंतु त्या सोयीखाली पाच मुलांची एक आई पंचवीस वर्षे दडून राहिली, हे विसरून चालणार नाही. परळच्या इतिहासात आम्ही खानोलकर, रणदिवे, बापट, देव अशी नावे घेतली, आणि ती अभिमानाने घेतली. कुष्ठाने पीडित असलेल्या ज्या माणसाच्या शरीरातून तो जंतू मिळाला, त्याचे नाव मात्र आम्हांस घेता आले नाही. खारघरच्या पहिल्या रुग्णाचे नावही येथे नाही. आणि ते गुप्त राखणेच उचित आहे. नाव न छापणे आणि माणूस न मोजणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत रुग्णाचा मान आहे. दुसरीत त्याचा विसर.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २००० साली मानवी संशोधनाची सविस्तर नीतितत्त्वे प्रसिद्ध केली व २००६ आणि २०१७ मध्ये ती सुधारली. रुग्णाची संमती घेतल्यावाचून त्याचे रक्त किंवा ऊतक संशोधनासाठी वापरू नये, हे आता लेखी तत्त्व आहे. तो संमतिपत्राचा कागद रुग्णालयात आपल्यापुढे येतो, तेव्हा आपण काय करतो? दिवसभर इतरांच्या अर्जांतील प्रत्येक रकाना तपासणारे आम्ही, त्या कागदावर न वाचताच सही करून मोकळे होतो. मन ठिकाणावर नसते, हे मान्य. तथापि तो कागद म्हणजे केवळ उपचार नव्हे. ज्या ज्ञानासाठी हेन्रिएटास कोणी विचारले नाही, त्याच ज्ञानासाठी आपल्याला विचारले जात आहे, एवढा त्याचा अर्थ आहे. तो वाचावा, न कळले तर विचारावे, आणि मनास पटले तर मोकळ्या मनाने होकार द्यावा. नकार देण्याचाही अधिकार आपलाच आहे, आणि नकाराने उपचारास बाध येत नाही.

आमच्या जबलपुरात १९५५ मध्ये सुरू झालेले वैद्यकीय महाविद्यालय आहे. कर्करोगाचे कितीतरी रुग्ण आज तेथेच उपचार घेतात, आणि प्रत्येकास परळ गाठावे लागत नाही. आदिवासींच्या आरोग्याचे संशोधन करणारी राष्ट्रीय संस्थाही १९८४ पासून येथेच आहे. कमलताईंनी अकोल्याच्या डोंगरांत ज्या प्रकारच्या नोंदी घेतल्या, त्या जातीचे काम महाकोशलाच्या रानात या संस्थेची माणसे करीत आली आहेत. म्हणजे दूरच्या मुंबईचा हा इतिहास आम्हांस अगदीच परका नाही.

तरीही फलाटावर तो प्रवासी पुन्हा दिसेल. काखेत पाकीट, पिशवीत डबी. त्याला जागा करून द्यावी, परळला कोठे उतरावे ते सांगावे, कोणाचा पत्ता द्यावा, इतके तर आपण मराठी माणसे करतोच. यापुढे आणखी एक गोष्ट त्याच्या कानावर घालावी. तो केवळ मागावयास चाललेला नाही. त्या मेणाच्या ठोकळ्यात, आणि त्याच्या माणसाच्या शिरेतून निघणाऱ्या चमचाभर रक्तात, उद्याच्या कोणा अनोळखी रुग्णास देण्याजोगे काही असू शकेल. दात्याने मान खाली घालून उभे राहण्याचे कारण नाही.